झोंबलं का?

घोट्यावर इसब असलेल्या माणसाला महाराष्ट्रात एकटेपणा म्हणून येत नाही. डोकं दुखत असेल तर तोंडाने सांगावं लागतं. मन दुखत असेल तर सांगूनही कोणी ऐकत नाही. इसब मात्र दिसतो. मोजा जरा खाली सरकला, पायजमा चार बोटं वर गेला, की समोरच्याची नजर तिथे जाते आणि त्याचा चेहरा खुलतो. त्याच्याकडे औषध असतं. नाशिक रोडच्या फलाटावर एका संपूर्ण अनोळखी गृहस्थांनी माझ्या घोट्याकडे बोट दाखवून "करंजेल" एवढा एकच शब्द उच्चारला आणि ते पंचवटी एक्सप्रेसमध्ये चढून निघून गेले. त्या माणसाबद्दल मला आजही आदर आहे. बाकीचे एवढ्यावर थांबत नाहीत.

आधी औषध आणि मग निदान, हा आपल्याकडचा रूढ क्रम. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक निवृत्त तहसीलदार राहतात. त्यांनी माझ्या घोट्याला पहिल्या भेटीतच गजकर्ण ठरवून टाकलं. दूधवाल्याच्या मते तो नायटा. मावशीच्या मते ही नुसती उष्णता, आणि ती कशाने झाली हे तिला माहीत असूनही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. आता गजकर्ण आणि नायटा ही बुरशीची करणी. ती गोल गोल पसरते, एकाच्या टॉवेलवरून दुसऱ्याच्या अंगावर जाते. इसब लागट नाही. तो ज्याचा त्याच्यापाशी राहतो आणि वारसाहक्काने फार तर मुलांना मिळतो. पण हे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला पटवायचं कसं? तो एकीकडे अंग चोरून खिडकीकडे सरकतो आणि दुसरीकडे सुरक्षित अंतरावरून औषध सांगत राहतो. सिन्नर येईपर्यंत माझ्याकडे चार औषधं जमलेली असतात आणि अर्धी सीट रिकामी असते. तोटा काहीच नाही.

ही सगळी औषधं ऐकून माझ्या लक्षात एक गोष्ट आली. ती सांगणारे वेगळे, गावं वेगळी, पाला वेगळा. पण औषधाची कसोटी एकच. ते झोंबलं पाहिजे.

या मताची आद्य पुरस्कर्ती आमच्या घरातच आहे. माझी आई. लहानपणी गुडघा फुटला की ती टिंक्चर आयोडीनची बाटली काढायची. शाळेत अशा वेळी जांभळं औषध लावत. त्याचा रंग आम्हाला फार आवडायचा, पण आईचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता, कारण ते लावताना मूल ओरडत नसे. नुसता रंग देऊन काय होतं, असं ती म्हणे. इसबाच्या बाबतीत तिने कडुलिंबाचा पाला वाटून लावला, गंधक लावलं, आणि सगळ्यावर कडी म्हणजे लिंबाची फोड मिठात बुडवून तिने ती घोट्यावर अशा निगुतीने फिरवली, की मी पुढच्या खोलीत कधी पोचलो ते मला कळलं नाही. मागून तिचा समाधानाचा आवाज आला, "झोंबलं ना? म्हणजे आतपर्यंत गेलं!"

आईला मी नावं ठेवत नाही. तिच्या बाजूने शरीरशास्त्र आहे, निदान अर्धं तरी. खाज म्हणजे काय, याची पहिली धड व्याख्या जर्मनीतल्या सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या वैद्याने १६६० साली केली. खाजवावंसं वाटायला लावणारी नकोशी संवेदना म्हणजे खाज, असा तिचा सारांश. एवढं तर आमचा दूधवालाही सांगू शकला असता, पण साडेतीनशे वर्षांत हिच्याहून बरी व्याख्या कोणाला सुचलेली नाही. या खाजेचं एक वैशिष्ट्य असं, की वेदना आली की ती दबते. मेंदूकडे दोघींच्या तक्रारी एकाच वेळी गेल्या तर आधी वेदनेची तक्रार ऐकली जाते. आपण खाजवतो तेव्हा हेच करत असतो. नखांनी थोडीशी वेदना करून खाजेचं तोंड बंद करतो. लिंबू-मीठही तेच करतं. झोंबलं, की पाच मिनिटं खाज गप्प. रुग्णाला वाटतं, गुण आला. आईला वाटतं, सांगितलं नव्हतं?

पुढची गोष्ट आईच्या कसोटीत बसत नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग झाले. त्यात असं दिसलं की वेदना शमवायला मेंदू सेरोटोनिन सोडतो आणि तेच सेरोटोनिन खाजेचा निरोप नेणाऱ्या पेशींना पुन्हा चेतवतं. म्हणजे खाजवून मिळालेलं सुख पुढच्या खाजेची बेगमी करून जातं. 'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार आपल्या पूर्वजांनी एकही उंदीर न पाळता तयार केला, याचा मला अभिमान वाटतो. (इथवर वाचताना तुमचा हात एव्हाना कोपराकडे किंवा मानेकडे गेला असेल. जाऊ द्या. दुसऱ्याची खाज नुसती पाहिली, ऐकली तरी आपल्याला सुटते.)

झोंबण्याचाच एक सभ्य प्रकार म्हणजे कढत पाणी. माझी सासुरवाडी संगमेश्वर तालुक्यात. तिथे तुरळ, राजवाडी, आरवली असे एकापाठोपाठ एक गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांतल्या गंधकाने कातडीचे सगळे विकार जातात अशी पंचक्रोशीची श्रद्धा. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत सासरे मला घेऊन गेले. पाण्यात पाय सोडला आणि काय सांगू! इसबावर कढत पाणी पडल्यावर जे सुख मिळतं त्याचं वर्णन कुटुंबवत्सल माणसाने करू नये. मी डोळे मिटून बसलो. सासरे कृतकृत्य होऊन बसले. संध्याकाळी घोटा लालबुंद झाला आणि रात्रभर मी तो माजघरातल्या उंबऱ्यावर घासत होतो. गंधकाचा काय दोष? कढत पाण्याने कातडीतलं होतं नव्हतं ते तेल धुऊन नेलं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीतला झाँ-पॉल मारा या पुढाऱ्याला त्वचेचा असाच काही जुनाट विकार होता. तो तासन् तास टबात बसून, डोक्याला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं बांधून क्रांतीचं कामकाज पाही. १३ जुलै १७९३ रोजी त्याचा खून झाला तोही टबातच. झोंबणारं फडकं आणि लांबलेली आंघोळ पाहता तो आमच्या आईच्या पंथातला असावा, असा माझा कयास आहे.

शेवटी मी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी घोट्याकडे पाहून फक्त विचारलं, "काय काय लावून झालंय?" मी सांगायला सुरुवात केली. त्या लिहून घेत होत्या, पुढे त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला समजावलं ते असं. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे चिऱ्याची भिंत. मेलेल्या चपट्या पेशी हे चिरे, आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी हा चुना. इसबवाल्याचा चुना मुळातच कमी पडतो. सांध्यांतून आतलं पाणी बाहेर जातं आणि बाहेरची धूळ, साबण, लोकर, परागकण आत शिरतात; आत शिरलं की शरीराचे पहारेकरी बोंब ठोकतात, त्याची ही आग आणि खाज. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन ही भिंत बांधायला लागतं. ते बनवण्याच्या जनुकातच काही जणांच्या जन्मतः खोट असते आणि तिचा इसबाशी संबंध आहे, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. हे घरी येऊन सांगितल्यावर आई तात्काळ म्हणाली, "तुझ्या वडिलांकडचं." बायको म्हणाली, "ते मी लग्न ठरतानाच विचारायला हवं होतं."

भिंतीचं हे प्रकरण कळल्यावर लिंबू, मीठ, बेसन, मुलतानी माती या साऱ्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. चुना कमी पडलेल्या भिंतीवर घासायच्या गोष्टी आहेत का या? पण तहसीलदार कायद्याचे माणूस. त्यांनी वाचून काढलं होतं की निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा पीएच पाचच्या आसपास असतो आणि साबणाचा नऊ-दहा. हे अगदी खरं. त्यामुळेच साबण इसबाला मानवत नाही. पण त्यावरून त्यांनी काढलेला निकाल असा, की त्वचा आंबट तर लिंबूही आंबट, तेव्हा लिंबू लावा. लिंबाचा पीएच दोनच्या घरात असतो आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग महिनोन् महिने राहतात. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी अपील फेटाळलं.

तेलाची गोष्ट निराळी. तेलाच्या बाबतीत आपली परंपरा योग्य वाटेवर आहे, फक्त इसबवाल्यासाठी तिने क्रम उलटा धरलाय. नरकचतुर्दशीला पहाटे अंगभर तेल चोळायचं आणि मग नागरमोथा, कचोरा घातलेल्या उटण्याने आणि कढत पाण्याने ते नेटाने काढून टाकायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी कोमट पाण्याने आंघोळ, ती पाच-दहा मिनिटांत आटपायची, अंग टॉवेलने टिपायचं, आणि ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत वरून स्निग्ध काहीतरी लावायचं, म्हणजे पाणी आतच कोंडलं जातं. मी विचारलं, "एवढंच?" त्या म्हणाल्या, "रोज. दोनदा." त्या 'रोज'मध्येच खरी मेख आहे. लिंबू-मीठ एकदा लावलं की पराक्रम होतो. तेल रोज लावणं यात कसला पराक्रम? संध्याकाळी कोणी "आज काय केलंत?" विचारलं तर सांगणार काय?

कोणतं तेल, यावर आमच्या घरात मतभेद झाले. ह्यूस्टनहून आलेल्या भाच्याने ऑलिव्ह तेलाची बाटली आणली, इतकी देखणी की ती आम्ही काही दिवस शोकेसमध्येच ठेवली. पुढे कळलं की इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मोठ्या माणसांच्या हातांवर ऑलिव्ह तेल लावून पाहिलं, तर त्याने भिंत उलट कमकुवत झाली. सूर्यफुलाच्या तेलाने तसं केलं नाही. भारतात बाळांना सर्रास चोळलं जाणारं मोहरीचं तेलही या बाबतीत बरं नव्हे. आणि खोबरेल? २०१४ मध्ये फिलिपिन्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ११७ मुलांपैकी काहींना आठ आठवडे ओल्या नारळाचं तेल लावलं, काहींना खनिज तेल. नारळवाली मुलं जास्त सुधारली. हे वाचून मला जो आनंद झाला तो एखाद्या सामन्यात आपण जिंकल्याचा होता. नारळ फिलिपिन्सचा असला तरी नारळ तो नारळ. बाटली मी भाच्याला त्याच्या पुढच्या भेटीत सॅलडवर घालून वाढली.

कोकणात याहून एक झकास गोष्ट आहे, पण तिची जाहिरात करायला कोणी नाही. कोकमाच्या बिया. आमसुलं करून झाली की त्या फेकायच्या नाहीत. वाळवायच्या, फोडायच्या, कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. वर तरंगलेली चरबी काढून निवली की मुठीत वळायची. म्हणून ते मुठेल, गोव्याकडे भिरंडेल. हे तेल असूनही घट्ट असतं, दिसायला मेणाचा तुकडा, आणि अंगावर घासलं की ऊब लागून वितळतं. भेगाळलेल्या टाचांना कोकणातल्या बायका वर्षानुवर्षं तेच लावतात. वास नाही, रंग नाही, झोंबणं नाही. आईने तो गोळा हातात घेऊन उलटसुलट केला, नाकाशी नेला आणि "हे साबण संपल्यावर वापरू" म्हणून बाजूला ठेवून दिला.

दुधावरची साय, बेसन, शेंगदाण्याचं तेल, बदामाचं तेल, गव्हाचा कोंडा ही सगळी मंडळी स्वयंपाकघरातून थेट अंगावर येतात. पोटात जातं ते अंगावर लावायला काय हरकत, असं म्हणणारे पुष्कळ. हरकत आहे, आणि तीही मोठी मजेदार आहे. अन्न तोंडावाटे आलं तर शरीर त्याला पाहुणा समजतं. फुटक्या भिंतीतून आलं तर चोर. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात दिसलं की लहानपणी कातडीच्या पुरळावर शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी अधिक आढळते. जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन घातलेलं होतं. तो वापरून दोन हजारांहून अधिक लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. ज्यांनी जन्मभर नूडल्स खाल्ल्या त्यांना त्या खाण्याची चोरी झाली, कारण त्यांनी गव्हाने तोंड धुतलं. तेव्हा लहान बाळाच्या इसबावर साय-बेसन चोळणाऱ्या आजीचा हात, तिचा मान राखून, जरा धरावा. बाळाला पुढे पुरणपोळी खायची आहे.

हळदीचा विषय निघाला की आमचे तहसीलदार उभे राहून बोलतात. अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे बघा! घेतलं होतं हे खरं. १९९५ मध्ये जखमा भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवून आणलं. त्या लढ्याबद्दल कोणालाही अभिमान वाटावा. पण तो खटला 'हे जुनंच आहे' यावर जिंकला गेला. 'याने इसब जातो' असं तिथे कोणी सिद्ध केलं नाही, कोणी विचारलंही नाही. जुनं असणं हा पेटंट रद्द करायला पुरेसा पुरावा आहे, घोट्याला नाही. शिवाय काही जणांना हळदीचीच ॲलर्जी असते. आणि हळदीने इसब गेला असता तर उरलेला पिवळा पायजमा, पिवळी चादर आणि पिवळा सोफा यांचं काय, हा प्रश्न माझ्या बायकोचा आहे.

पथ्याबद्दल फार लिहीत नाही. सांगणारा आधी तुम्हाला काय आवडतं ते विचारून घेतो, एवढंच. वांगं, दही, लोणचं, सुकट, अंडं हे सारं सगळ्यांच्याच यादीत असतं. अगदी लहान आणि तीव्र इसब असलेल्या मुलांत कधी अंडं, कधी दूध खरंच कारण असतं, पण तेही डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. माझ्यासारख्या प्रौढाच्या घोट्याचा भरल्या वांग्याशी काही संबंध सापडलेला नाही. मी पुष्कळ शोधला, कारण शोधताना ते खावं लागत होतं.

एका समजुतीपाशी मात्र थट्टा थांबवावी लागते. मलम लावून इसब दाबला की तो 'आत जातो' आणि त्याचा दमा होतो, असं जुनी माणसं सांगतात. त्यांचं निरीक्षण खोटं नाही. ज्या मुलांना तान्हेपणी इसब असतो त्यांच्यातल्या अनेकांना पुढे सर्दी-शिंका आणि दमा होतो. डॉक्टरही हा प्रवास ओळखतात. पण तो मलमाने ढकलल्यामुळे होत नाही. तिन्ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत, मोठी होताना एकामागून एक दारात येतात, इतकंच. या भीतीने काही आया लेकराला रात्रभर रक्त निघेस्तोवर खाजवू देतात पण डॉक्टरांनी दिलेलं मलम लावत नाहीत. आणि उलट, दुसरी माणसं मेडिकलच्या काउंटरवर जाऊन "खाजेचं एक मलम द्या" म्हणतात. त्यात स्टिरॉइड असतं. नायट्यावर ते लावलं तर लाली-खाज उतरते, बुरशी खुशाल पसरते, कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी मागणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे. भेटला की मी त्याला श्रीफळ देणार आहे, ओलं.

आता शतधौत घृत.

सासूबाईंनी मला घोटा उंबऱ्यावर घासताना पाहिलं होतं, पण जावयाच्या पायाबद्दल बोलायचं कसं? त्यांनी मुलीकरवी विचारलं, मी मुलीकरवी उत्तर दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तांब्याची परात काढली. चिंच लावून लख्ख केली. घरच्या गाईचं तूप घातलं, त्यावर गार पाणी ओतलं आणि तळहाताने फेटायला बसल्या. तूप-पाणी एकमेकांत मिसळतंय असं वाटतं तोवर फेटायचं, मग सुटलेलं पाणी निथळायचं. हे एक धुणं झालं. अशी शंभर. चरकसंहितेतही या तुपाचा उल्लेख आहे. सहस्रधौत म्हणून हजार वेळा धुतलेलंही एक असतं. त्या काळी एकेका घरात सुना किती असत त्याचा अंदाज यावरून करता येतो.

धुता धुता तूप बदलत जातं. पिवळेपण जातं, कण मोडतात, तुपाचा वास विरळ होतो. अर्ध्यावर आलं की ते फुगून पांढरंशुभ्र होऊ लागतं आणि बोटाला गार लागतं. यात जादू काही नाही. फेटून फेटून पाण्याचे बारीक थेंब स्निग्धात अडकवायचे, कोल्ड क्रीमचं तत्त्व हेच. रोममध्ये दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या वैद्याने मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलं ते याचंच चुलत भावंड. तुपातलं दुधाचं प्रथिन कढवतानाच बेरीत गेलेलं असतं, तेव्हा मघाच्या चोराचीही फारशी धास्ती नाही. लावल्यावर पाणी उडतं म्हणून गार वाटतं, मागे उरते ती चरबी. चुना.

मोजायला सासूबाईंनी वाडग्यात शंभर चिंचोके घेतले होते. एक धुणं झालं की एक चिंचोका ह्या वाडग्यातून त्या वाडग्यात. दुपार टळली, पाठीला रग लागली, बायको मध्ये मध्ये हात बदलायला जाई आणि "तुझ्या हाताला जोर नाही" म्हणून परत पाठवली जाई. मी नुसता बसून होतो. जावयाने तूप फेटायचं नसतं. सगळी औषधं मला झोंबत आली, हे पहिलंच असं होतं की जे करणाऱ्याला झोंबत होतं. हे लक्षात आल्यावर मला तिथे बसवेना, म्हणून मी उठून पडवीत गेलो. तेवढ्यात मेव्हण्याच्या धाकट्याला चिंचोके दिसले. त्याला चल्लस खेळायला ते हवेच होते. त्याने दोन्ही वाडगी एकत्र केली.

घरात शांतता पसरली. आतून बायकोचा आवाज आला, "जाऊ दे गं आई, झाली असतील नव्वदएक. काय बिघडतं?"

"शतधौत म्हणतात त्याला," सासूबाई म्हणाल्या, "नव्वदएकधौत नाही." आणि त्यांनी परातीत पुन्हा पाणी ओतलं. पहिल्यापासून.

ते तूप आम्ही काचेच्या बरणीत नाशिकला आणलं. फ्रिजमध्ये ठेवलं. आंघोळ झाली की घोट्यावर ओलसर असतानाच लावायचं, वरून जुन्या धोतराचं मऊ सुती फडकं, नखं कापलेली, साबण त्या बाजूला फिरकू द्यायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मलम बंद करू दिलं नाही. इसब चिडला की ते, एरवी हे, अशी वाटणी करून दिली. घोटा आता बरा असतो. नाशिकच्या कोरड्या थंडीत डोकं वर काढतो, पावसाळ्यात निजतो.

बरणी मात्र लवकर संपते. आईने पहिल्या दिवशी "हे झोंबत तर नाही" म्हणून नाक मुरडलं होतं. आता भांडी घासून झाली की तिची बोटं बरणीत असतात. मुलगी ओठांना लावते. बायकोच्या टाचा यंदा पहिल्यांदाच फुटल्या नाहीत. तहसीलदारांच्या सौभाग्यवती वाटी घेऊन येऊन गेल्या आणि तहसीलदारांना कळू देऊ नका म्हणाल्या. माझ्या घोट्याच्या वाट्याला बरणीच्या कडेचं येतं. मागच्या रविवारी सासूबाईंचा फोन आला तेव्हा बायको टाचेला तेच चोळत बसली होती.

"संपलं? इतक्यात? सगळं जावईबापूंनाच लागतंय ना गं?"

"हो ना," बायको म्हणाली, "फार वाढलाय गं त्यांचा इसब. या खेपेला दोन बरण्या कर."